धुळीपासून धुरापर्यंत : जबलपूरच्या मोटारीची हवेची वाट

जबलपूर शहराच्या पूर्व अंगाला घमापूर ही वस्ती आहे. जुन्या शहरातून रांझीकडे, म्हणजे संरक्षण खात्याच्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे जाणारा रस्ता घमापूर चौकातून जातो, आणि शेजारच्या लालमाटी व कांचघर या वस्त्यांप्रमाणेच घमापूरचेही विसाव्या शतकातील दैनंदिन जीवन त्या कारखान्यांच्या पाळ्यांशी बांधलेले राहिले. मराठी वाचकाला हे शहर परके नाही. 1781 मध्ये गढा-मंडल्याचा मुलूख सागरकर मराठ्यांकडे आला, 1798 मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांना दिला, आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. पुढे मध्य प्रांताच्या आणि त्याच्या नंतरच्या रूपांच्या कारभारात 1956 पर्यंत नागपूर हीच जबलपूरची राजधानी होती. 1870 मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपुरात जोडले गेले, आणि देशाच्या मध्यावरचे, समुद्रापासून व सीमेपासून सारखेच दूर असलेले हे ठाणे लष्करी कारखान्यासाठी सोयीचे ठरले. 1904 मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे तोफगाड्यांचा कारखाना, उभा राहिला. तोवर तोफगाडी ही लाकडी चाकांची, जनावरांनी ओढायची वस्तू होती. त्याच कारखान्याच्या आवारात अर्ध्या शतकानंतर मोटारी जुळवल्या जातील, असे तो उभारणाऱ्यांच्या मनातही नसावे.

या शहरातील मोटारविद्येचा इतिहास साधारणपणे कारखान्यांच्या, करारांच्या आणि उत्पादनाच्या अंगाने सांगितला जातो. प्रस्तुत विवेचनाचा विषय त्याहून लहान आहे. इंजिनात हवा ज्या वाटेने शिरते त्या वाटेचा, म्हणजे ज्याला गॅरेजात ‘एअर क्लीनर’ किंवा अलीकडे ‘इनटेक’ म्हणतात त्या भागाचा, हा इतिहास आहे. हा भाग प्रथम इंजिनाला बाहेरच्या धुळीपासून वाचवण्यासाठी जन्माला आला. पुढे कायद्याला बाहेरच्या जगाला इंजिनाच्या धुरापासून वाचवायचे होते, आणि तेव्हा हाच भाग धुराच्या हिशेबातही महत्त्वाचा ठरला. आपल्याकडच्या कायद्याने मात्र नजर धुराच्या टोकावर ठेवली आणि हवेच्या टोकाकडे जवळजवळ पाहिलेच नाही. गाडीला बाजारातील वेगळा इनटेक बसवून ती धूरतपासणीत उतरेल की नाही, या आजच्या प्रश्नातील गोंधळाचे मूळ या इतिहासात आहे.

इंजिन इंधनापेक्षा कितीतरी पट अधिक हवा खाते. पेट्रोल पूर्ण जळायचे तर एक किलो पेट्रोलला सुमारे 14.7 किलो हवा लागते, आणि चार लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी पूर्ण भाराखाली चालत असेल तर ते मिनिटाला पाच हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. या हवेबरोबर येणारी धूळ ही मुख्यतः सिलिकेची, म्हणजे वाळूच्याच जातीची असते. ती तेलाच्या थरात मिसळली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये पॉलिश कागदासारखे काम करते. रिंगा झिजल्या की दाब खाली निसटतो, तेल वर चढते, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. धूळ आणि धूर यांचा संबंध असा जुनाच आहे. फक्त तो दिसायला काही हजार किलोमीटर जावे लागतात.

पहिल्या काळातील मोटारींना या धुळीचा बंदोबस्त जवळजवळ नव्हताच. तो गांभीर्याने झाला दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धात, जेव्हा उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात वाहनांचे ताफे लढले. त्या काळच्या लष्करी जीपला आणि ट्रकला जो ‘ऑइल बाथ’ एअर क्लीनर होता, त्याची रचना साधी व चतुर होती. हवा एका भांड्यात वरून खाली येते, तळाच्या तेलाच्या पृष्ठभागाशी एकदम वळून पुन्हा वर जाते, आणि या तीव्र वळणावर जड धूलिकण हवेबरोबर वळू न शकल्याने तेलात पडतात. उरलेले बारीक कण वरच्या, तेलाने ओलावलेल्या तारेच्या जाळीत अडकतात. या रचनेत फेकून द्यायचा सुटा भाग एकही नाही, आणि म्हणूनच जेथे सुटे भाग पोचत नाहीत तेथे ती टिकली. युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेली वाहने देशभर बस म्हणून, मालमोटार म्हणून धावू लागली, आणि त्यांच्याबरोबर हा तेलाचा क्लीनरही नागरी रस्त्यांवर आला.

जबलपूरचा या कथेत प्रत्यक्ष प्रवेश होतो तो व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना. जर्मनीच्या एम. ए. एन. कंपनीशी झालेल्या करारान्वये तीन टनी ‘शक्तिमान’ ट्रकची जुळणी 1959 मध्ये गन कॅरेज फॅक्टरीत सुरू झाली, आणि त्यापाठोपाठ जपानच्या निस्सान कंपनीशी करार होऊन एक टनी ट्रक आणि ‘पॅट्रोल’ नावाची चारही चाकांना जोर देणारी गाडी येथे तयार होऊ लागली. ही दुसरी गाडी भारतीय सैन्यात ‘जोंगा’ म्हणून ओळखली गेली. हे नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेले आहे. काम वाढले तशी तोफगाड्यांच्या कारखान्यातील जागा अपुरी पडली, आणि 1969 मध्ये व्हेईकल फॅक्टरी हा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. शक्तिमानचे उत्पादन 1996 पर्यंत आणि जोंगाचे 1999 पर्यंत चालले. म्हणजे जपानमध्ये ज्या पिढीची पॅट्रोल 1980 मध्ये बंद झाली तीच जबलपुरात त्यानंतर जवळजवळ दोन दशके बनत राहिली.

या दीर्घ काळात कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांत गाडी सांभाळण्याची एक शिस्त रुजली, आणि त्या शिस्तीत हवेच्या वाटेला मान होता. तेलाच्या क्लीनरची देखभाल म्हणजे क्लॅम्प सोडून खालची वाटी उतरवायची, तेल काळे पडून तळाशी चिखलासारखा गाळ बसला असेल तर ते ओतून टाकायचे, वाटी आणि जाळी रॉकेलने किंवा डिझेलने धुवायची, जाळी निथळू द्यायची आणि वाटीच्या कडेवर कोरलेल्या खुणेपर्यंतच नवे इंजिन ऑइल भरायचे. ‘खुणेपर्यंतच’ या शब्दावर जोर देण्याचे कारण होते. तेल कमी भरले तर धूळ सरळ आत जाते हे कोणाच्याही लक्षात येते. पण जास्त भरले तर इंजिन ते तेलच ओढून घेते, धूर सोडते, आणि डिझेल इंजिन असेल तर त्या तेलाला इंधन समजून चावी बंद केल्यावरही पळत राहण्याचा धोका असतो. कच्च्या रस्त्यावर ताफ्यात मागे धावणाऱ्या गाडीची वाटी रोज पाहावी लागे, डांबरी रस्त्यावर आठवडे निघून जात. कारखान्यात हात बसलेला फिटर निवृत्तीनंतर वस्तीतल्या गॅरेजात दिसणे ही कारखान्याच्या गावांतील नेहमीची गोष्ट, आणि वाटीच्या खुणेसारख्या बारीकसारीक सवयी अशा हातांनीच नागरी गाड्यांपर्यंत आणल्या.

जोंगा सैन्यातून बाद होऊ लागली तेव्हा या विद्येची खरी परीक्षा झाली. लिलावात निघालेली ‘कंडम’ जोंगा विकत घेणाऱ्याच्या हाती मजबूत सांगाडा येई, पण त्याबरोबर सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिनही येई, आणि त्याची तहान सरकारी पंपालाच परवडणारी होती. परिणामी तिच्यात डिझेल इंजिन बसवण्याचा प्रघात पडला. खुद्द कारखान्यानेही 1996 च्या सुमारास अशोक लेलँडचे हिनो डिझेल इंजिन घातलेली जोंगा नागरिकांसाठी काढली. इंजिन बदलणे म्हणजे केवळ इंजिनाचे पाय आणि गिअरबॉक्सची जोडणी बदलणे नव्हे, हे येथे कळले. पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरवर बसणारी हवेची वाट डिझेलच्या मॅनिफोल्डला जुळत नाही, आणि मग बस-ट्रकच्या भंगारातून निघालेला क्लीनर, रबरी होज आणि वाकवलेला पत्रा यांतून नवी वाट जुळवावी लागते. ही भारतातील ‘आफ्टरमार्केट’ इनटेकची, म्हणजे गाडीच्या मूळ निर्मात्याऐवजी बाहेरच्या बाजारातून आलेल्या हवेच्या वाटेची, एक जुनी परंपरा म्हटली पाहिजे, जरी तिला कोणी ते नाव दिले नाही. चकचकीत ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि शंकूच्या आकाराचे लाल फिल्टर विकणाऱ्या आजच्या दुकानांना वाटते तेवढा त्यांचा व्यवसाय नवा नाही. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी याने 2019 मध्ये जुनी जोंगा घेतल्याची बातमी झाली, तेव्हा या गाडीचे नाव नव्या पिढीने पुन्हा ऐकले. तोवर अशा कितीतरी गाड्या डोंगराळ भागांत आणि शेतांवर दुसऱ्याच इंजिनावर आयुष्य काढत होत्या.

दरम्यान नागरी मोटारीने वेगळा रस्ता धरला होता. घडी घातलेल्या कागदाचा फिल्टर आला. तो योग्य बसवला असेल तर 99 टक्क्यांहून अधिक धूळ अडवतो, आणि इंजिन मंद चालत असतानाही अडवतो, जे तेलाच्या क्लीनरला साधत नाही, कारण तेलाच्या क्लीनरची सारी किमया हवेच्या वेगावर अवलंबून असते. 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती 800 ने हा कागदी फिल्टर घरोघर पोचवला. तिच्या कार्ब्युरेटरवरच्या क्लीनरच्या तोंडाशी उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन स्थिती दाखवणारी सोय होती : हिवाळ्यात एक्झॉस्टजवळची गरम हवा घ्यायची, उन्हाळ्यात बाहेरची. मे महिन्यात जेथे पारा 42-43 अंशांवर जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो, त्या जबलपुरासारख्या शहरात या सोयीला अर्थ होता, कारण 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ एक-दशांशाने विरळ असते. ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणून आज जी वस्तू विकली जाते, तिच्यामागचे तत्त्व हेच आहे. विक्रेते ते सांगताना बहुधा एक गोष्ट गाळतात : बहुतेक आधुनिक गाड्यांची मूळ नळीच दर्शनी जाळीच्या मागून, म्हणजे बाहेरची थंड हवा घेते, आणि ती काढून बॉनेटखाली उघडा शंकू बसवला तर इंजिनाला थंड हवेऐवजी रेडिएटरच्या मागची तापलेली हवा मिळते.

धुराचा कायदा आला तो एअर क्लीनरच्या पुष्कळ नंतर, आणि त्याची मुळे दूर कॅलिफोर्नियात आहेत. लॉस एंजलिसच्या धुरकट हवेत मोटारींच्या धुराचा वाटा असल्याचे रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट याने 1950 च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, आणि 1967 मध्ये तेथे हवा-संसाधन मंडळ स्थापन झाले. या राज्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. तेथील तपासनीस बॉनेटही उघडून पाहतो, आणि मूळ इनटेकऐवजी दुसरा बसवलेला असेल तर त्यावर मंडळाच्या सूटपत्राचा क्रमांक आहे का ते वाचतो. तो क्रमांक मिळवण्यासाठी निर्मात्याला आधी चाचण्यांनी सिद्ध करावे लागते की आपल्या इनटेकमुळे धूर वाढत नाही. क्रमांक नसेल तर गाडीचा धूर कितीही स्वच्छ असो, ती नापास होते. म्हणजे तेथे इनटेक निवडण्याचा प्रश्न अर्ध्याहून अधिक कागदावरच सुटतो.

भारतात हा कागद नाही. 1988 चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालील 1989 चे केंद्रीय नियम यांनी धुराची मर्यादा प्रथम देशव्यापी केली. 1991 मध्ये नव्या पेट्रोल गाड्यांना आणि 1992 मध्ये डिझेल गाड्यांना निर्मितीच्या टप्प्यावरच मानके लागू झाली, 2000 मध्ये ती कडक झाली, आणि पुढे ‘भारत स्टेज’ या नावाने क्रमाक्रमाने कडक होत गेलेल्या मानकांपैकी भारत स्टेज चार 1 एप्रिल 2017 पासून आणि भारत स्टेज सहा 1 एप्रिल 2020 पासून साऱ्या देशात आले. नव्या नमुन्याची मंजुरी देणाऱ्या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, जी ‘एआरएआय’ म्हणून परिचित आहे, तेथीलच सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, आणि अहिल्यानगरची लष्करी वाहनांची संशोधन संस्था यांची नावे नियम 126 मध्येच आहेत. नर्मदाकाठच्या बुधनीचे ट्रॅक्टर-चाचणी केंद्रही त्या यादीत आहे. या प्रयोगशाळांत गाडी रोलरवर ठरावीक चक्राने चालवून तिच्या धुराचा नमुना पिशव्यांत जमा करून मोजतात, आणि त्या वेळी गाडीवर निर्मात्याचाच इनटेक असतो. त्यानंतर गाडी रस्त्यावर येते, आणि एका वर्षानंतर तिला जी तपासणी लागते ती फार वेगळी, फार छोटी असते. तिला सर्वजण ‘पीयूसी’ म्हणतात.

पीयूसीचे आकडे नीट वाचले तर या विषयातील बरेच काही उलगडते. पेट्रोल चारचाकीची तपासणी इंजिन उभ्या जागी मंद चालवून होते. भारत स्टेज दोनच्या आधीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले इंधन, दशलक्षात 1500 भाग इतकी मुभा आहे. त्यानंतरच्या गाड्यांना 0.5 टक्के आणि 750 भाग. आणि भारत स्टेज चारपासून 0.3 टक्के आणि 200 भाग. या शेवटच्या गटाला मिनिटाला सुमारे 2500 फेऱ्यांवरही उतरावे लागते, तेथे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.2 टक्के असते आणि ‘लँब्डा’ 0.97 ते 1.03 यांच्या दरम्यान हवा असतो. लँब्डा म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली हवा आणि इंधन पूर्ण जळण्यास लागणारी हवा यांचे गुणोत्तर. एकाहून कमी म्हणजे इंधन जास्त, अधिक म्हणजे हवा जास्त. डिझेल गाडीला उभ्या जागी ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबून काळ्या धुराची घनता मोजतात. जुन्या गाड्यांना हार्ट्रिज मापावर 65 आणि भारत स्टेज चारच्या गाड्यांना 50 ही सीमा आहे.

आता या तपासणीला इनटेक कितपत दिसतो? याचे उत्तर इंजिनाच्या पिढीनुसार बदलते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेच्या ओढीनेच पेट्रोल वर येते, त्यामुळे धुळीने कोंदलेला फिल्टर चोकसारखे काम करतो, मिश्रण घट्ट होते आणि कार्बन मोनॉक्साइड चढतो. अशी गाडी पीयूसीत अडली की अनुभवी मिस्त्री स्क्रूला हात लावण्याआधी फिल्टर उतरवून पाहतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच आकडा उतरतो. जुन्या डिझेल गाडीत पंप हवेची विचारपूस न करता ठरलेले इंधन टाकतो. हवा कमी पडली की तेच इंधन काजळी होऊन बाहेर येते आणि गाडी ‘काळा धूर मारते’. या दोन्ही पिढ्यांत मोकळा, स्वच्छ इनटेक धूर कमीच करतो, आणि जोंगात डिझेल इंजिन बसवताना ज्यांनी भंगारातला अरुंद क्लीनर लावला त्यांच्या गाड्या धुरात अडकल्या, मोठा लावला त्यांच्या निसटल्या, यात नवल नव्हते.

इंजेक्शनच्या गाडीत मात्र चित्र पालटते, आणि नेमक्या याच गाड्यांना आजचा इनटेक विकला जातो. तेथे संगणक किती हवा आली हे मोजूनच इंधन ठरवतो. कित्येक गाड्यांत हे मोजमाप फिल्टरच्या पुढच्या नळीतील तापलेल्या बारीक तारेने होते. हवा तार थंड करते, आणि ती तापलेली ठेवण्यास लागणाऱ्या विजेवरून हवेचे वजन कळते. हे गणित नळीच्या ठरावीक व्यासावर बसवलेले असते. नळी रुंद झाली की तेवढीच हवा तारेजवळून सावकाश जाते, संगणक ती कमी समजतो आणि इंधन कमी टाकतो. कापडी फिल्टरला लावलेले तेल जास्त झाले तर त्याचा थर तारेवर बसून मोजमाप बिघडवतो. इंजिन मंद चालत असताना एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर ही चूक मर्यादेपर्यंत सुधारून घेतो, म्हणून पुष्कळ गाड्या चुकीच्या इनटेकसह पीयूसीत आरामात पास होतात, आणि पास झाल्याचा कागद दाखवून विक्रेता आपला माल निर्दोष असल्याचे सांगतो. हा युक्तिवाद लंगडा आहे. रस्त्यावर पूर्ण जोरात असताना ती दुरुस्ती चालत नाही, आणि पीयूसी त्या स्थितीत गाडी पाहतच नाही.

एक तिसरी गोष्ट तर बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेले वायू इंजिनाच्या खालच्या पेटीत, क्रँककेसमध्ये, साचतात, आणि ते एका रबरी नळीने इनटेकमध्ये परत आणून जाळले जातात. कॅलिफोर्नियात 1961 पासून रूढ झालेला हा धुरावरचा सर्वांत जुना उपाय. बाजारातील काही इनटेकना ही नळी जोडण्याचे तोंडच नसते, आणि मग बसवणारा ती मोकळी सोडतो किंवा तिच्यावर छोटासा शोभेचा फिल्टर चढवतो. न जळलेले वायू मग बॉनेटखालून थेट हवेत जातात, सायलेन्सरच्या टोकाला लावलेल्या नळकांड्याला त्यांचा पत्ता लागत नाही. शिवाय त्या नळीला बारीक चीर असेल तर न मोजलेली हवा आत शिरते, लँब्डा 1.03 च्या वर जाऊ शकतो, आणि मग गाडी नापास होते ती भलत्याच कारणाने.

कायद्याच्या दुसऱ्या अंगाचा इतिहासही असाच अर्धवट आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 32 मध्ये वाहनात फेरफार केल्यास नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याची अट होती, आणि जुन्या जोंगांची इंजिने बदलली गेली ती कागदोपत्री याच आणि 1988 च्या कायद्यातील कलम 52 च्या आधारे. 2000 च्या दुरुस्तीने हे कलम कडक झाले : निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये, केरळातून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात, या शब्दांचा कठोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. धुराच्या मानकांच्या भंगासाठी कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड वेगळाच. तरीही कलम 52 ची स्वतःची व्याख्या पाहिली तर ‘फेरफार’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्याने त्याचे मूलभूत वैशिष्ट्य पालटते. नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधन, घनक्षमता, रंग यांची नोंद असते, हवेच्या नळीची नसते. मूळ डब्यात मूळ मापाचा दुसऱ्या कंपनीचा फिल्टर टाकणे या व्याख्येत ओढूनताणूनही बसत नाही. सगळी वाट काढून नवी नळी बसवणे हे करड्या पट्ट्यात येते, आणि ते ठरवण्याचा कोणताही सूटपत्र-क्रमांक आपल्याकडे उपलब्ध नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो बोलका आहे. सीएनजी किंवा एलपीजी किट बसवण्यास कलम 52 च्या परंतुकाने मुभा आहे. जुन्या धर्तीच्या किटमध्ये ‘मिक्सर’ नावाचा अरुंद कंठाचा भाग फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये, म्हणजे नेमका हवेच्या वाटेत, बसतो आणि ओढीच्या जोरावर गॅस मिसळतो. या किटला नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते, ते अधिकृत कार्यशाळेतच बसवावे लागते, आणि नोंदणी प्रमाणपत्रात इंधनाचा बदल नोंदवला जातो. हवेच्या वाटेत बाहेरून घातलेल्या वस्तूला चाचणीनंतर कायदेशीर कागद देण्याची पद्धत भारतात आहे, ती अशी. इंधन बदलले की ती लागू होते, केवळ हवा बदलली तर होत नाही. कॅलिफोर्नियातील मंडळ जे काम प्रत्येक इनटेकसाठी करते ते करण्याची यंत्रसामग्री पुण्यात आणि अहिल्यानगरात अनेक वर्षे आहे. अभाव आहे तो फक्त नियमाचा.

नियम होईपर्यंत निवड गाडीच्या रचनेवरूनच करावी लागते. मूळ डबा कायम ठेवून आत बसणारा फिल्टर हा सर्वांत कमी जोखमीचा पर्याय, कारण त्यात तारेजवळच्या नळीचा व्यास, नळीची लांबी, क्रँककेसची जोडणी आणि हवेचा उगम यांपैकी काहीच हलत नाही. धुता येणारा कापडी फिल्टर घेतला तर तेल मोजून लावणे आणि पुरते वाळू देणे एवढीच काळजी उरते. संपूर्ण नळी बदलायची असेल तर मोजमापाच्या जागेचा आतील व्यास मूळ नळीइतकाच आहे का, क्रँककेसच्या नळीला आणि हवेच्या तापमानाच्या सेन्सरला आपापली तोंडे आहेत का, आणि हवा बॉनेटबाहेरून येते का, हे बसवण्यापूर्वी हाताने आणि पट्टीने तपासावे लागते. धूळ किती अडते हा प्रश्न घमापूरसारख्या ठिकाणी जाहिरातीतील वाढीव अश्वशक्तीपेक्षा मोठा आहे, कारण मोकळ्या फिल्टरमधून गेलेली धूळ या वर्षीच्या पीयूसीत दिसत नाही, ती रिंगा खाऊन दोन-तीन वर्षांनी दिसते. भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांत डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा हा पीयूसीपेक्षा प्रामाणिक साक्षीदार ठरतो, कारण मिश्रणाची दुरुस्ती मर्यादेबाहेर गेल्याची नोंद गाडीचा संगणक स्वतःच ठेवतो. तो दिवा विझवण्यासाठी कोड पुसून देणारे दुकान शहरात सहज सापडते, आणि मूळ नळी सांभाळून ठेवली नसेल तर मालकाला त्या दुकानात वारंवार जावे लागते. व्हेईकल फॅक्टरी 1 ऑक्टोबर 2021 पासून आर्मर्ड व्हेईकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आहे. जोंगा मात्र लिलावातून निघून वेगवेगळ्या राज्यांच्या नोंदणीवर अजून धावते. तिचे मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असेल तर पीयूसीत तिला कार्बन मोनॉक्साइडची 3 टक्क्यांची जुनी मुभा लागू होते, आणि त्या मर्यादेत राहायला तेलाची वाटी खुणेपर्यंतच भरलेली असणे उपयोगी पडते.